दगाची नाव हळू का चालते

—लाकूड जुनं झालंय म्हणून, रावसाहेब, दुसरं काय! तसंच लिहा कचेरीच्या कागदात. दगा भोयाची नाव हळू चालते, कारण सागाच्या फळ्या पाणी पिऊन जड झाल्या — शिवाय औंदा तापीमायला ओढ फार — आणि रागावू नका, पण तुम्हीही काही हलके नाही. हसलात? हसा, हसा. मामलेदार कचेरीतली माणसं हसत नाहीत असं ऐकलं होतं. इकडे सरकून बसा, ऊन लागेल. खालच्या घाटावरची नाव निम्म्या वेळात पलीकडे जाते, असं तक्रारीत आहे ना? खरं आहे. तीही सागाचीच. तीही जुनीच. झाली ना माझी पंचाईत!

बरं, हात घाला पाण्यात. घाला हो, मगर नाही इथं. नावेच्या पोटाला लावा. काय लागलं? शेवाळ. बोटभर जाड. तळ गुळगुळीत असला की पाणी खालून निसटून जातं, शेवाळ असलं की लोंबकळतं — बाजाराला निघालेल्या आईच्या पदराला पोर लोंबकळतं तसं — मग मारा किती वल्हं मारायचं ते. हे मला कुणी शिकवलं? बायकोनं. मोतीबाईनं. दर साल उन्हाळ्यात, आखाजीच्या सणाआधी आम्ही नाव वाळूवर उलटी घालायचो, शेवाळ खरवडायचो, मग ती खरवताची पानं घेऊन बसायची — खरखरीत पान असतं, लाकूड घासायचं — चार-चार दिवस घासायची, वरून मोहाच्या बियांचं तेल. मी म्हणायचो, अगं नाव आहे, देव्हारा नाही, पुरे कर. तर म्हणायची, "हात फिराई देखा. तुम्हना हातले लागनं, ते पाणीले बी लागनं." आणि नाव जायची कशी! बिडी पेटवली की संपायच्या आत पलीकडे. बाजारकरी माणसं दुसरी नाव सोडून माझ्यासाठी थांबायची.

ती गेली त्याला तीन उन्हाळे झाले. पहिल्या साली नाव उलटी घातलीच नाही. आळस नव्हता हो — पानं आणली होती, तशीच वाळली, हातात धरवेनात. आणि मग एक गंमत झाली. नाव हळू झाली तशी माणसं बोलायला लागली! आधी काय, बसायची, उतरायची, रामराम, संपलं. आता मधोमध कंटाळतात, मग लेकीचं लग्न सांगतात, बैलाचं दुखणं सांगतात, कुणी फडक्यातली भाकरी मोडून देतं. घरी — घर कसलं, ती समोर झोपडी दिसते ना, तीच — तिथं भाजीत मीठ पडलं नाही तरी सांगायला कुणी नाही. म्हणून पुढच्या साली मी मुद्दामच... हे लिहू नका. लिहिलंत? खोडू नका, राहू द्या. लिहा.

कारण फाल्गुनात रंजनाबाई आली. या काठी कोरीटला दिलेली, माहेर पलीकडे. आईचा जीव घुटमळतोय असा निरोप आलेला. "दगाबाबा, लवकर! मन्ही माय वाट देखी ऱ्हायनी." मारलं हो वल्हं, छाती फुटेस्तोवर मारलं. पण मधल्या धारेत नाव जागची हलेना. बाई नावेतच उभी राहिली — खाली बस म्हटलं तरी बसेना. काठाला लागलो आणि वर गावातून रडण्याचा आवाज आला. उतरली ती मागं न बघता वर पळत गेली. शिवी दिली असती तरी चाललं असतं, रावसाहेब. आता माहेरी जायचं तर दोन कोस चालत खालच्या घाटावर जाते. तक्रार तिचीच असेल तर बरं केलं तिनं. मला तोंड उघडायचं धाडस झालं नसतं.

तेव्हा लाकडाचं खोडा. नदीचंही खोडा, तिनं काय केलंय? दगानं शेवाळ मुद्दाम ठेवलं, असं लिहा, खाली अंगठा देतो. नाव काढून घ्यायची तर घ्या, पण ती घासून देईन मी. जो चालवील त्याला चांगली मिळू द्या.

लागला काठ. सांभाळून, चिखल आहे. काय म्हणता — बिडी ओढू, बसू घटकाभर? नको, रावसाहेब. तीन वर्षांत असं कुणी आपणहून म्हटलं नाही, पण नको. बसलात तर मी बोलतच राहीन. गावातून चार गडी बोलवायचेत, उन्हं आहेत तोवर नाव उलटी घालायचीय. जा तुम्ही. उतरा म्हणतो ना!