तारेतली पिशवी

"एका वेळी दोन कामं तुलाच जमतात," असं मला म्हणू नका गं. त्याच गुणानं माझी हाताशी आलेली नोकरी घालवली.

यांची शाळेतली नोकरी हंगामी, म्हणून मी तारऑफिसातलं तार उतरवून घ्यायचं काम शिकायला घेतलं. यंत्राची एकेक कटकट ऐकून मी एकेक अक्षर लिहायची आणि हमखास मागं पडायची. शिकवणारे तारमास्तर म्हणाले, "बाई, थेंब थेंब काय वेचता? ओंजळ भरू द्या, मग लिहा. कान पुढं, हात मागं." हळूहळू ते जमलं. कान पुढचा शब्द ऐकायचा, हात मागचा लिहायचा, आणि मी मधे कुठंच नसायची.

परीक्षा उस्मानाबादेत होती. बाळाला घेऊन आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेर व्हरांड्यात बसल्या. तार इंग्रजीत होती आणि हात सुरेख चालला होता. तेवढ्यात खिडकीतून हाक आली, "अगं ए, लेकरू लई रडायलंय! दुधाची बाटली कुठं ठिवलीस?"

मी मान वर केली नाही, की तोंड उघडलं नाही. मला वाटलं, जिंकले.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कागद वाचला. "बाई, तेरखेड्याचे फटाके उद्या पोचतायत, इथवर बरोबर. पण ते पिशवीत कशाला?"

इंग्रजीच्या ऐन मधे, माझ्याच वळणदार अक्षरात, 'पिशवीत' लिहिलेलं होतं.

नापास झाले ते झालेच. बाहेर आले तर बाळ रडून रडून उपाशीच झोपलेलं. उत्तर आत्याबाईंपर्यंत पोचलंच नव्हतं.