कुमुदला नेसवलेली खळीची साडी

मुलांनो, माझा जन्म ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळच्या चाळीतला, शिक्षण इंग्रजी शाळेत, आणि लग्न होऊन डोंबिवलीला आले ती आजतागायत इथेच. हात कापतो म्हणून मी बोलते आहे आणि समोरच्या नीताताई लिहून घेत आहेत. अक्षर त्यांचं, चूक माझी.

शिस्त शाळेनं लावली. दर रविवारी भाताच्या पेजेची खळ करायची, सुती साड्या त्यात बुडवायच्या आणि वाऱ्यावर कारखान्यांचा वास नसेल ती वेळ गाठून गॅलरीत वाळत घालायच्या. खळ नसलेली साडी नेसून मी कधी भाजी आणायलासुद्धा गेले नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही तशी साडी नेसून चारचौघांत येऊ दिलं नाही, हेच तर सांगायचं आहे.

तुमच्या आजोबांची धाकटी बहीण कुमुद कल्याणला पोस्टात होती, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, मुंबईला ऑपरेशन झालं, जखम भरली, तपासण्या चांगल्या आल्या, आम्ही पेढे वाटले. आणि वर्ष उलटलं तरी ही म्हणायची, वहिनी, आग होते गं. पंख्याचा वारा लागला तरी आग, ब्लाउजची शिवण लागली तरी आग. मी बघायचे तर सूज नाही, लाली नाही. अगं, सगळं बरं झालंय, मन दुसरीकडे लाव, असं म्हणायचे. सवय लागेल म्हणून दुखण्याच्या गोळ्यांची डबी मी माझ्या कपाटात ठेवली, तिनं मागितली की आधी घड्याळ बघायचे. ती एक जुनी, विरलेली साडी सैल गुंडाळून बसायची आणि मला, काय सांगू तुम्हाला, त्या साडीचाच राग यायचा.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मी माझी खळीची साडी काढली, म्हटलं, ही नेस आणि पदर पिनेनं नीट लाव, नाहीतर लोक म्हणतील आम्ही तुझी हेळसांड करतो. ती बघत राहिली, म्हणाली, वहिनी, नाही नेसले तर चालेल? मी म्हटलं, नाही चालणार. नेसली. दोन तास बायकांना कैरीची डाळ देत फिरली, कुणीतरी म्हणालं, कुमुद, अगदी ठणठणीत दिसतेस हो, तर म्हणाली, ठणठणीत खळ आहे वहिनीची, मी नुसती आत उभी आहे. सगळ्या हसल्या, मीही हसले. बायका गेल्यावर आतल्या खोलीत गेले तर ती जमिनीवर बसलेली, डावा हात अंगापासून लांब धरलेला आणि उजव्या हाताची मूठ दातांत. आवाज नाही. माझी खोली शेजारीच होती ना, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग तिला ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कापसाचा बोळा तिच्या उजव्या दंडावरून फिरवला, काही नाही. डावीकडे फिरवला तर कुमुदच्या डोळ्यांत पाणी. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, जखम भरली, पण नसा अजून सावरल्या नाहीत, फार हळव्या झाल्यात, आपल्याला नुसता स्पर्श वाटतो तो हिच्या मेंदूला चटका म्हणून पोचतो. गाठ नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. बाई औषधाचं बोलत होत्या, मी मात्र माझ्या साडीचा कडक पदर बघत होते.

त्या रविवारी ती साडी मी चार-पाच पाण्यांतून काढली, हातांनी चोळून चोळून मऊ केली आणि गोळ्यांच्या डबीसकट तिच्यापुढे ठेवली. चुकले, असं तोंडातून निघालं नाही, सॉरीसुद्धा नाही. ती म्हणाली, अगं, हिची पार रया घालवलीस की! आणि नेसली.

नव्या औषधानं आग कमी झाली, पुरती कधीच गेली नाही. नव्वदच्या दशकात दुसऱ्याच आजारानं ती गेली, तोवर डबी तिच्याच उशाशी होती. तिनं विषय काढला नाही, मीही नाही. नीताताई, हेही लिहा.

आता माझ्या सगळ्या साड्या मऊ आहेत, पण बघायला ती नाही. मुलांनो, लांब आहात, सुखी राहा. कधी काही दुखलंखुपलं, तर सूज शोधण्याआधी ‘हो, दुखत असेल’ म्हणणारं माणूस तुमच्या घरात असो.