सौंदर्याचा रिपोर्ट

कोल्हापूरच्या स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर सासू-सुनेनं लॅबचं पाकीट उघडलं.

"सौंदर्या, काय आलंय? सांग की लौकर!"

"आत्ती, नॉर्मल! जेवल्यावरची साखर बी नॉर्मल!"

"व्हय? परत वाच."

"तीनदा वाचलं. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या हुत्या न्हवं, गरोदरपणातली साखर गेली, पर अंगात तयार हुणारं इन्सुलिन अंगाला नीट लागू पडंना म्हणून? आता पडाय लागलंय!"

"वरीसभर रोज चाललीस, त्येचं फळ हाय."

"एकटी कुठं? तुमी हुतासा की संगं. पायाचं बोट न्हाय, तरी माझ्या फुडं!"

"माझीबी साखर गरोदरपणातच वाढलेली. बाळंत झाल्यावर कुणी तपासलीच न्हाय. बोट काढायची पाळी आली तवा कळलं."

"रडू नकासा, आत्ती. लोक बघाय लागल्यात."

"बघू देत. शांभवीला फोन लाव. पाचवा म्हैना लागला तरी साखर तपासायला नको म्हणती."

"वैनीचं ऐकत न्हाईत त्या."

"आईचं ऐकंल. दे हिकडं. हॅलो, शांभवी? रडत न्हाय गं, हसतोय! उद्या सकाळी तयार ऱ्हा, मी येतोय."