आरशावरचे दोन वेढे

पोलीस ठाणे नॉर्दुर्विक, मॅनिटोबा, कॅनडा. दिनांक ९ डिसेंबर, दुपारी ३.२०.

माझे नाव ग्रिमुर ईनारसन, वय ७१ वर्षे, धंदा गुरे पाळणे, पूर्वी जिल्ह्याच्या रस्ते खात्यात मोजणीदार, राहणार तलावरस्ता, नॉर्दुर्विकच्या पूर्वेस. ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे.

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी सोल्वेग या वर्षी १५ जानेवारीला वारली. मुलगा लारुस, वय ४३, विनिपेगला असतो. आमच्या अंगणात कोणी परका माणूस शिरतो, अशी तक्रार त्याने काल दिली. त्याबाबत हा जबाब आहे.

तक्रारीत उल्लेख आहे ती माझी पिकअप गाडी सहा वर्षांपूर्वी गुरांचा ट्रेलर ओढण्यासाठी घेतली. त्याच गाडीत दोन इंजिने मिळत होती, आठ सिलिंडरचे पेट्रोल आणि सहा सिलिंडरचे डिझेल. सोल्वेगला पेट्रोल हवे होते. ते कडाक्यात कुरकुरत का होईना, सुरू होते. डिझेल गारठते. त्याचा हीटर रात्रभर विजेला जोडून ठेवावा लागतो. दुकानात ती म्हणाली, "महिन्यातून दोनदा गुरं न्यायची, आणि त्यासाठी रोज संध्याकाळी ह्याला तान्ह्या बाळासारखं गुंडाळत बसायचं?" मी म्हणालो, चढावर पेट्रोल दम टाकते. "चढ? तीस वर्षं जिल्हा मोजलास. एक चढ दाखव मला, मग घे." विक्रेता हसला. जिल्ह्यातील सर्वांत मोठा चढ अकरा मीटरचा आहे. मी डिझेल घेतले. हे इंजिन आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल, असेही मी तेव्हा म्हणालो होतो.

हीटरची वायर नेहमी सोल्वेगच लावायची. पारा उणे पंधराच्या खाली जाणार असेल तरच. लावून झाल्यावर वायरचे दोन वेढे ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला घालायची, कारण मी दोनदा वायरसकट गाडी काढून ती तोडली होती. "आधी वेढे सोडायचे, मग दार, मोजणीदारसाहेब," असे म्हणायची.

१४ जानेवारीच्या संध्याकाळी तिची बोटे दुखत होती. ती म्हणाली, "आज तू लाव. इंजिन तुझं आहे." मी "लावतो" म्हणालो. टीव्हीवर कर्लिंगचा, बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाचा, सामना होता. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिच्या छातीत दुखू लागले. बाहेर उणे एकोणचाळीस होते. मी चावी सात वेळा फिरवली. त्यानंतर बॅटरी उतरली. रुग्णवाहिका बावन्न मिनिटांनी आली.

हीटर जळला होता, असे मी लारुसला सांगितले. त्याने फेब्रुवारीत नवा बसवून दिला. काढलेला हीटर माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो चांगला आहे. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

या हिवाळ्यात ७ नोव्हेंबरला पारा प्रथम उणे पंधराखाली गेला. ८ तारखेला सकाळी वायर गाडीला लावलेली होती आणि आरशावर दोन वेढे होते. मी लावली नव्हती. त्यानंतर आजपर्यंत अशा अठरा सकाळी झाल्या. उणे बारा, उणे चौदा असते तेव्हा वायर गोठ्याच्या खिळ्यावरच असते. २२ नोव्हेंबरला संध्याकाळी मी स्वतः वायर लावली. वेढे घातले नाहीत. सकाळी वेढे होते.

मी लारुसला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच लावता आणि विसरता." मी म्हणालो, मग वेढे कोण घालतं? "तेही तुम्हीच, बाबा. आईचं बघून बघून."

स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी त्याने मला ५ डिसेंबरला त्याच्या गाडीतून विनिपेगला नेले. निघताना त्याने स्वतः वायर गुंडाळून गोठ्यात टांगली आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. तपासणीत दोष निघाला नाही. ७ तारखेला दुपारी दोन वाजता आम्ही परतलो. पंधरा सेंटिमीटर बर्फ पडले होते. गोठा ते गाडी तेवीस मीटर. मधल्या बर्फावर पाऊल नव्हते. कुलूप जागेवर होते. वायर दाराच्या फटीतून आली होती, गाडीला लावलेली होती, आणि आरशावर दोन वेढे होते. लारुसने कोमट बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "बाबा, आत चला," एवढेच म्हणाला. लहानपणी तलावावरचे बर्फ पायाखाली तडतडून बोलू लागले की तो असाच माझी बाही धरायचा.

काही चोरीस गेलेले नाही. कशाचे नुकसान नाही. माझा कोणावर संशय नाही. अंगणात कॅमेरा बसवून रात्री एक माणूस ठेवू, असे आपण सुचवलेत. त्यास माझी संमती नाही. जागा माझी आहे. आज उणे एकतीस होणार असल्याचे रेडिओवर सांगितले आहे. माझ्या अंगणात आज कोणी उभे राहू नये. गोठ्यावरचा दिवा मी चालू ठेवणार आहे. पाहण्यासाठी नाही. तिकडची पायरी निसरडी आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. हीटरचा मजकूर मी पुन्हा एकदा वाचायला लावला, तोही बरोबर आहे. लारुस बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत बोलवावे. सही करण्याआधी तेवढा मजकूर मी त्याला स्वतः वाचून दाखवणार आहे.