दुसरी ओळ

— नाही, तसं ठामपणे नाही सांगता यायचं मला, डॉक्टर. आहे की नाही, असलीच तर कुठे — माझ्या आठवणीचं काही खरं राहिलेलं नाही आता. चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर शोधत फिरतो. आमची ही म्हणते, आरशात बघा. तेव्हा त्या वेळची एखादी चिठ्ठी, अस्सल, कुणा शिकाऊ डॉक्टरच्या हातची, तुमच्या नव्या प्रशिक्षण वर्गात काचेत घालून लावायला — बघू. आधी चहा घ्या. एवढ्या लांबून आलात, वळण चुकून पुन्हा मागे आलात, आणि मी नाही म्हणतोय. म्हणजे, नाही म्हणत नाहीये. आठवत नाही म्हणतोय. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, असं निदान एके काळी मला वाटायचं.

कार्ड छान छापलंय हो. कागदही जाड आहे, खिशात मळणार नाही. ‘तीन ओळींची पद्धत’, आणि खाली माझं नाव, सहीसकट. एवढ्या मोठ्या अक्षरात नाव फक्त दाराच्या पाटीवर होतं, तीही सुताराने तिरकी लावली. वरिष्ठांना फोन करण्याआधी तीन ओळी लिहा. पहिली — रुग्णाला काय झालं. दुसरी — मला तपासताना काय सापडलं. तिसरी — वर कुणी विचारायला नसतं, तर मी काय केलं असतं. आणि हे पुढचे चौकोन! ओळ फोनवर वाचून झाली की खूण करायची. चौकोन तुमचे, आमच्याकडे नुसती तिरकी रेघ मारायचे. एक ओळ सांगितली, रेघ. दुसरी सांगितली, रेघ. घाबरलेला माणूस काय सांगितलं आणि काय राहिलं ते विसरतो ना, म्हणून. बरं झालं हे ठेवलंत. नाही — बरं झालं की नाही, ते राहू द्या.

ही पद्धत का काढली, विचारताय? वर्गात सांगायला हवं ना तुम्हाला. तर असं बघा. माझ्याकडे चार गावांतले चार दवाखाने होते. प्रत्येक ठिकाणी एक नवाकोरा डॉक्टर, परीक्षेची शाई अजून बोटावर, एक सिस्टर, एक फोन, आणि दीड तासावर मोठं रुग्णालय. मी त्या मोठ्या रुग्णालयात बसायचो आणि या चौघांना फोनवरून सांभाळायचो. सांभाळायचो — हा शब्द बघा कसा आपोआप आला. या पोरांचे दोन प्रकार असतात. एक प्रकार उठल्यासुटल्या फोन करतो, सर, ताप आहे, सर, खोकला आहे. दुसरा करतच नाही. पाचावर धारण बसलेली असते, पण फोन केला तर सर म्हणतील एवढंही येत नाही का. मी स्वतः दुसऱ्या प्रकारातला. म्हणून म्हटलं, आधी लिहा. लिहिलं की डोकं जागेवर येतं. आणि कागद कसलाही चालेल, पाकीट, कॅलेंडरचं पान, पण केसपेपरवर नको. का? चुकीचं लिहायची भीती वाटू नये म्हणून. फोन झाला की फाडून टाका. कुठे नोंद नको, कुणाला दाखवायला नको. ही माझी अक्कल. त्या वेळी फार मायेची वाटली होती मला.

म्हणून चिठ्ठ्या शिल्लक नाहीत. हेच उत्तर आहे खरं तर तुमच्या प्रश्नाचं. संपलं. चहा गार होतोय.

त्यांच्यात एक मुलगी होती — मुलगी म्हणजे डॉक्टरच, चोवीस-पंचवीसची. बाकीचे तिला खोडरबर म्हणायचे. लिहायची आणि खोडायची, पुन्हा लिहायची. औषधाचं वजन तीनदा मोजायची. चौघांत सगळ्यात हुशार तीच, पण स्वतःवर काडीचा भरवसा नाही. आणि मी त्याचं कौतुक करायचो हो! महिन्यातून एकदा चौघांना व्हरांड्यात बसवून शिकवायचो, तेव्हा म्हणायचो, बघा हिच्याकडे, डॉक्टरनं आधी स्वतःवर शंका घ्यावी. मग बाकीचे म्हणायचे, सर, ही तर स्वतःच्या नावावरही शंका घेते, सही करताना थांबते. ती हसायची. हसताना तोंडावर हात धरायची.

त्याच व्हरांड्यात मी खांद्याचं शिकवलं होतं. तुम्हाला माहीतच आहे. पोटाला मार लागला, खांद्याला काहीही झालेलं नाही, आणि रुग्ण म्हणतो डावा खांदा दुखतो — थांबायचं नाही. आत रक्त साठतंय. गाडी बोलवा, पाठवा, विचार वाटेत करा. मी स्वतः शिकवलं. शब्द अन् शब्द माझा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या आठवड्यात असं झालं होतं, की मोठ्या रुग्णालयाच्या सर्जननं मला सगळ्यांदेखत विचारलं, काय हो, तुमच्या पोरांना पडसं झालेलं कळतं, की त्यालाही गाडी लागते? सगळे हसले. मीही हसलो. हसलो आणि खोलीत जाऊन परिपत्रक काढलं — विनाकारण रुग्ण वर पाठवू नयेत, आधी दोन तास निरीक्षणाखाली ठेवावेत. सही माझी. चार प्रती, चार दवाखान्यांना टपालानं.

तिच्या गावी ते घेऊन आला पोस्टमन. साधी सकाळ, दहाचा सुमार. दवाखान्याच्या अलीकडे उतार आहे, तिथे सायकलचा ब्रेक लागला नाही, हँडल पोटात बसलं. पडला, उठला, पत्रं गोळा केली, झटकली आणि चालत आत आला. म्हणाला, बाई, हे तुमचं पत्र घ्या आणि मला एक पोटदुखीची गोळी द्या, म्हणजे फिटंफाट. सगळ्या गावाचा लाडका माणूस. सिस्टरना म्हणाला, तुमच्या भावाचं पत्र येणार नाही हो, त्याचं लग्न झालं. तिनं गोळी दिली नाही. तिनं त्याला आडवं केलं, तपासलं आणि मला फोन केला.

तो फोन मी घेतला. माझ्या खोलीत पाच-सहा माणसं होती, तो सर्जनही होता, खुर्चीच्या हातावर बसलेला. मी तिला म्हटलं, दोन तास थांब, लक्ष ठेव, मग कळव. एवढं मला आठवतं. ती काय म्हणाली ते — ते सांगतो.

ती थांबली. स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसली, दर दहा मिनिटांनी नाडी मोजत. तो तिला कुणाच्या घरी कुठलं पत्र आहे ते सांगत होता. मग म्हणाला, तहान लागलीय. मग बोलेनासा झाला. तिनं मला न विचारता गाडी मागवली, स्वतः सोबत बसली, आणि पुलाच्या अलीकडे तो गेला. पोटात प्लीहा फाटली होती. दीड तास आधी निघाला असता, तर — तर वाचला असता. यात शंका घ्यायला जागा नाही, आणि मी शंका घेण्यात तरबेज माणूस आहे.

चौकशी झाली. तीन माणसं, एक टेबल, दारापाशी एक खुर्ची, त्यावर ती. त्यांनी मला विचारलं, डावा खांदा दुखत असल्याचं डॉक्टरबाईंनी तुम्हाला सांगितलं होतं का? मी म्हटलं, मला नीट आठवत नाही. खोटं नव्हतं ते. खरंच आठवत नव्हतं — मला वाटतं, आठवत नव्हतं. आणि मग न विचारता पुढे म्हटलं, पण सांगितलं असतं तर मी थांब म्हटलंच नसतं, हे मीच त्यांना शिकवलंय. बिनतोड होतं ते. तिघांनी माना डोलावल्या. मलाही पटलं. मग ते तिच्याकडे वळले. ती माझ्याकडे बघत होती — रागानं नाही हो. राग असता तर निभलं असतं. फळ्यावर गणित सोडवून मूल मास्तरांकडे बघतं ना, बरोबर आहे का म्हणून, तसं. म्हणाली, ‘सरांना आठवत नसेल, तर मी सांगितलं नसेल.’

मी माझ्या जबाबाखाली सही केली.

‘महत्त्वाचं लक्षण वरिष्ठांना कळवण्यात कसूर’, असा शेरा आला. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली, मग डॉक्टरकीच सोडली. तिच्या दाखल्यावर मी काय लिहिलं माहीत आहे? ‘अत्यंत प्रामाणिक.’ आणि माझी पद्धत गाजली. त्या प्रकरणामुळेच गाजली — वरचे म्हणाले, बघा, त्या बाईनं तीन ओळी नीट पाळल्या असत्या तर माणूस वाचता. तिथून तुमच्या या कार्डापर्यंत.

मी तिच्याकडे गेलो होतो एकदा. निवृत्त झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी. भावाच्या घरी राहते, वरच्या मजल्यावर शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. केस पांढरे झालेत. मला बघून आधी उभी राहिली, मग खुर्ची पुसली. भावाची बायको म्हणाली, हेच का तुमचे सर, वन्सं सारखं सांगत असतात. चांगलं सांगत असतात, डॉक्टर! चहा आला. मुलं खाली आरडाओरडा करत होती. आणि ती अगदी सहज म्हणाली, ‘सर, मी अजून कधी कधी तो फोन पहिल्यापासून म्हणून बघते. दर वेळी खांद्याचं सांगते. त्याच दिवशी कशी विसरले, ते काही केल्या कळत नाही.’

मी म्हटलं, ‘होतं असं.’

होतं असं! हे म्हटलं मी. कागद खिशात होता, वरच्या खिशात, इथे, आणि मी म्हटलं होतं असं, आणि जिन्याला कठडा नाही तेव्हा जपून उतरा म्हणून ती खालपर्यंत सोडायला आली.

कुठला कागद? — बोललो का मी कागद? बोललो.

त्या टेबलाचा वरचा खण ओढा. किल्ली नाही, नुसता अडकतो, जरा उचलून ओढा. पाकीट आहे, त्यावर पत्ता लिहिलाय, तिकीटही लावलंय. केव्हापासून लावलंय ते विचारू नका, त्या तिकिटाची किंमतसुद्धा आता पुरत नाही. काढा आतलं. हे परिपत्रक आहे. सही ओळखता येईल, तुमच्या कार्डावर छापलीय तीच. पोस्टमननं हातात दिलेली प्रत. आता उलटा. जवळ दुसरा कागद नसेल तिच्या, पाठीवरच लिहिलंन् — आणि परिपत्रक कसं फाडणार? ते फाइलला लावावं लागतं. सिस्टरनी लावलं. दवाखाना नव्या इमारतीत गेला तेव्हा जुन्या फायली रद्दीत निघाल्या, तेव्हा कारकुनानं माझी सही बघून हा कागद आणून दिला. म्हणाला, साहेब, तुमची आठवण.

वाचा. मोठ्यानं नको. सायकलचं हँडल पोटात, अर्धा तास झाला. ही पहिली. दुसरी — नाडी एकशे बारा, पोट डावीकडे कडक, डावा खांदा दुखतो, खांद्याला मार नाही. बघा, कुठेही खोडलेलं नाही. त्या मुलीनं आयुष्यात एकदा न खोडता लिहिलं. तिसरी — आत्ता वर पाठवीन. आणि पुढे तीन तिरक्या रेघा. एक, दोन, तीन. मी भिंग लावून बघितल्यात.

त्यावरही मी शंका घेतली, डॉक्टर. म्हटलं, रेघा आधीच मारल्या असतील. घाईत माणूस मारतो. न सांगता मारली असेल दुसरी. अशी आशा धरून बसलो, काय म्हणावं या वयाला, की तिनं चुकावं. तिच्याकडून आल्यावर आठ दिवसांनी सिस्टरना शोधत गेलो. त्या फोनजवळ उभ्या होत्या त्या दिवशी. चौकशीत काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पाकीट घेऊन जा. भिंतीवर नको लावू — लावू नका. पत्त्यावर जा, तिच्या हातात द्या. मी दिलं म्हणून सांगा. नाही, तसं नको — बरं, सांगा. आणि वर्गाला मी येत नाही, कार्डावरचं नाव काढा. तुमची गाडी जाईल. निघा.

हो, सिस्टर काय म्हणाल्या, तेवढं राहिलं. त्यांना स्वच्छ आठवत होतं, त्या माझ्यासारख्या शिकलेल्या नाहीत. म्हणाल्या, लाइन खराब होती, बाई ओरडून बोलत होत्या. खांद्याचं एकदा सांगितलं, मग थोडं थांबल्या, पलीकडचं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘हो सर, डावाच.’

म्हणजे मी विचारलं होतं, कुठला खांदा.