सहीविना एक तास दहा मिनिटं

— नाही, मॅडम, ते रेकॉर्डिंगचं मशीन चालूच राहू द्या, मला कसली लाज? अख्ख्या केंटकीला सांगून झालंय. बसा. ती खुर्ची नको, पुरात तिचा पाय कुजलाय — ही घ्या. तर कायदेमंडळाची ती दुरुस्ती तुम्हीच लिहिताय? ‘स्टँपर दुरुस्ती’ म्हणतात म्हणे — माझं नाव! आपत्ती अधिकारी म्हणजे काय हो, एक खोली, दोन फोन आणि हा व्हर्लिन स्टँपर.

तर पुराच्या दिवशी सकाळी साडेसात, ओढा पुलावरनं वाहायला लागलेला. बोटी होत्या की! नदीपलीकडे, वेस्ट व्हर्जिनियात, माणसं जॅकेटं चढवून उभी. त्यांच्या पथकाचा म्होरक्या लॉनी फोनवर ओरडतोय, “आपत्ती जाहीर कर, कागद पाठव, की निघालोच!” कागदाशिवाय दुसऱ्या राज्यात शिरले आणि कुणी बुडालं, तर त्यांच्या बायकापोरांना विचारणारं कोण? आणि सही काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, प्रमुखांची — ते विमानात, फोन बंद. एक तास दहा मिनिटं! मी काय करणार? कायद्यातच भोक —

ऑर्फाबाईंनी तीनदा फोन केला. मला पहिलीत वाचायला शिकवलं त्यांनी. चाकाच्या खुर्चीत, एकट्या. आधी म्हणाल्या, “व्हर्लिन, पाणी उंबऱ्यात आलं.” मग म्हणाल्या, “मांडीला लागतंय रे.” तिसऱ्यांदा पाण्याचं नावच नाही — “कुणी निघालंय ना? खरं सांग.” मी म्हटलं, “निघालेत, बाई.” कुणीही निघालेलं नव्हतं.

काय? त्याच कायद्याचं सातवं कलम? ...पुढचं पान उलटलंत तर तुम्ही. बाकी कुणी उलटलं नाही. हो, ‘प्रमुख संपर्काबाहेर असल्यास अधिकाऱ्याने स्वतः जाहीर करावे’ — पाठ आहे मला, दर वसंतात मीच शिकवतो ते. पेन हातात होतं, मॅडम. पण दोन वर्षांपूर्वी मी अशीच सही केली होती, आणि पूर आलाच नाही. भर सभेत हसले सगळे, मला ‘नोहा’ म्हणाले, बायबलातला तो पुराआधी जहाज बांधणारा, टेबलावर खेळण्यातली बोट आणून ठेवली. प्रमुख म्हणाले, “पुन्हा मला न विचारता सही केलीस तर घरी बस.” म्हणून बसलो. घरी नाही, इथंच — पेन धरून.

आता ऑर्फाबाईंची मुलगी डेल्मा दर रविवारी चर्चमध्ये मला शेजारी बसवते, हात धरते. “आई गेली, पण तिच्यामुळं कायदा बदलतोय,” म्हणते. तिला काय सांगू — कायदा ठीक होता, माणूस ठीक नव्हता? आणि नाही सांगितलं, तर तुम्ही आहे तेच पुन्हा छापणार, आणि खुर्चीत माझ्यासारखाच दुसरा कुणी —

मशीन चालू आहे अजून? बंद करा. नाही — राहू द्या. नाही, बंद करा! डेल्माचीच गाडी ती. आज येते म्हणालीच होती, तुम्हाला भेटायला. तिच्याशी बोलू नका. मागच्या दारानं जा, मॅडम. जा म्हणतो ना!