खिडकीतला रुमाल

अमरावतीच्या बसस्टँडवरून अकोल्याची गाडी निघून गेली, अन् बाकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या मैनाबाईपुढं उभ्या नसरीनबीचा आवाज नवऱ्यावर असा चढला, का चांदूर रेल्वे गावाची उभी बस भेऊन चार हात मागं सरकली.

“अजी, तुमी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. त्या जाड्यानं रुमाल फेकला, अन् तुमी खाली बसले! कावून?”

“उभ्यानं राग आला तं बसावं. पैगंबरसायबांची हदीस आहे, नसरीन.”

“मंग आडवे कावून झाले?”

“बसून राग गेला नाई.”

“मंग नळावर कावून गेले?”

“वजू केली, हात-तोंड-पाय धुतले. पान्यानं राग विझते.”

“तवर गाडी गेली ना! तिकडं अकोल्याले पोरीची मंगनी, पावने येऊन बसले असतीन!”

“त्याले मारलं असतं तं मी ठान्यात बसलो असतो. पोरीच्या मंगनीले बाप ठान्यात?”

नसरीनबी धपकन मैनाबाईच्या बाजूले बसली.

“आता तुले काय झालं?”

“बोलू नका. माहं अजून आडवं व्हायचं बाकी आहे.”

मैनाबाईनं गुपचूप आपली पिशवी उचलली, अन् बाक मोकळा करून दिला.